वाचक विचारतात : मेदिचींच्या आधीचा पाल्ला स्ट्रोत्सी

मागच्या अंकात पाल्ला स्ट्रोत्सीवर पानभर टिपण छापलं होतं. फ्लॉरेन्सचा खानदानी श्रीमंत, शहराचा वकील म्हणून परक्या दरबारांत गेलेला, ग्रीक शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना पदरचे पैसे देणारा, जन्म 1372 चा आणि मृत्यू 1462 मध्ये परगावी हद्दपारीत, असं थोडक्यात होतं त्यात. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. पत्रं थोडी आखडून छापलीत, प्रश्न मात्र तुमचेच आहेत.

"ताई, रेनेसाँ म्हटलं की आम्ही वर्गात मेदिची घराणं शिकवतो, आधी कोझिमो मग लोरेन्झो. या पाल्लाचं नाव पाठ्यपुस्तकात कुठेच नाही. मग तो एवढा महत्त्वाचा कशावरून?" (इतिहासाचे शिक्षक, कोल्हापूर)

सर, एक साल लक्षात ठेवा, 1397. त्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलहून मॅन्युएल क्रिसोलोरास नावाचा विद्वान फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला आला आणि तिथून पुढे पश्चिम युरोपात ग्रीकचं शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झालं असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्याला बोलवायचा पुढाकार शहराचा चान्सलर म्हणजे मुख्य चिटणीस कोलुच्चो सालुताती याचा, पण त्याच्या बरोबरीने धडपडणाऱ्या आणि पैसा उभा करणाऱ्या तरुणांमध्ये पाल्ला होता, पंचवीस वर्षांचा. कोझिमो दे मेदिची तेव्हा किती वर्षांचा? त्याचा जन्म 1389 चा, म्हणजे सात-आठ वर्षांचं पोर.

बरं पाल्ला नुसता पैसे देऊन बाजूला बसला नाही, स्वतः क्रिसोलोरासपुढे बसून ग्रीक शिकला. त्याच वर्गात लिओनार्दो ब्रूनी होता जो पुढे फ्लॉरेन्सचा चान्सलर झाला आणि ज्याने ॲरिस्टॉटल, प्लेटो, प्लुटार्क लॅटिनमध्ये आणले. याकोपो आंजेली होता, त्याने टॉलेमीचा भूगोल लॅटिनमध्ये आणला. एका वर्गातून एवढं निघालं.

पाल्लाबद्दलची बरीच माहिती वेस्पासियानो दा बिस्तिच्ची या फ्लॉरेन्सच्या पुस्तकविक्रेत्याकडून मिळते. त्याने आपल्या काळातल्या नामवंतांची चरित्रं लिहिली, त्यात पाल्लाचं आहे आणि ते मनापासून लिहिलेलं आहे. तो सांगतो की शिक्षक आला पण पुस्तकं नव्हती, तेव्हा पाल्लाने ग्रीसमधून ढिगाने पुस्तकं मागवली, सगळी स्वखर्चाने. टॉलेमीचा नकाशांसकट भूगोल, प्लुटार्कची चरित्रं, प्लेटो. ॲरिस्टॉटलचं राज्यशास्त्रावरचं पुस्तक इटलीत पाल्लामुळेच आलं आणि ब्रूनीने भाषांतर केलं ते पाल्लाच्या प्रतीवरून, असंही तोच सांगतो.

अजून एक गोष्ट वर्गात नक्की सांगा. सांता त्रिनिता हे स्ट्रोत्सींचं चर्च, तिथे सगळ्यांना वापरता येईल असं ग्रंथालय करायचं पाल्लाच्या मनात होतं आणि त्यासाठी तो हस्तलिखितांच्या नकला करणारी चांगली माणसं कामाला ठेवत होता. 1434 ला त्याला शहरातून घालवलं आणि ते राहिलं ते राहिलंच. दहा वर्षांनी, 1444 मध्ये, फ्लॉरेन्समध्ये असं ग्रंथालय उघडलं ते सान मार्कोच्या मठात, हस्तलिखितं जमवणाऱ्या निक्कोलो निक्कोलीच्या पुस्तकांवर आणि कोझिमोच्या पैशावर. आज पाठ्यपुस्तकात तेच आहे. कोझिमोने ते फार सुंदर करून घेतलं यात वाद नाही, मिकेलोत्सोने बांधलेला तो दालनाचा नमुना पुढे इतर ग्रंथालयांनी उचलला. पण कल्पना त्याच शहरात आधी दुसऱ्या माणसाच्या डोक्यात होती, तो माणूस हरला आणि म्हणून पुस्तकातून गेला. हे मला खरंच लागतं.

"तुम्ही लिहिलंय की तो फ्लॉरेन्सचा सगळ्यात श्रीमंत माणूस होता. सहाशे वर्षांपूर्वीची संपत्ती इतक्या खात्रीने कशी सांगता येते? मी टॅक्सचीच प्रॅक्टिस करतो म्हणून उत्सुकता." (ठाणे)

तुमच्याच धंद्यातला पुरावा आहे! 1427 मध्ये फ्लॉरेन्सने कातास्तो नावाची करपद्धत आणली. शहर आणि ताब्यातला मुलूख मिळून जवळपास 60,000 कुटुंबप्रमुखांनी आपापलं रिटर्न भरायचं: घरात खाणारी तोंडं किती, जमीन किती आणि ती काय पिकवते, धंद्यात काय गुंतलंय, सरकारी कर्जरोखे किती, देणं कोणाचं. जमिनीच्या उत्पन्नावरून किंमत काढायची ती 7 टक्क्यांच्या हिशोबाने, म्हणजे 7 फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) उत्पन्न असेल तर जमीन 100 ची. राहतं घर वगळायचं, कर्ज वजा करायचं, माणशी 200 फ्लोरिन डिडक्शन घ्यायचं आणि उरेल त्यावर अर्धा टक्का. ही रिटर्न्स आजही फ्लॉरेन्सच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत, लोकांच्या हस्ताक्षरातली, रडगाण्यांसकट. म्हातारी आई आजारी आहे, बैल मेला, अमका पैसे परत देत नाही, सगळं लिहिलंय.

त्यात पाल्ला पहिला. एकूण मालमत्ता 1,62,000 फ्लोरिनच्या वर, वजावटी जाऊन 1,01,422. त्याच्या खाली कोझिमोचे वडील जोवान्नी दे मेदिची, त्यांचे निव्वळ 79,000 च्या आसपास. म्हणजे 1427 मध्ये मेदिची बँक जोरात असतानाही स्ट्रोत्सी पुढे होता.

आता यातली मेख तुमच्या लगेच लक्षात येईल. मेदिचींचा पैसा बँकेत फिरत होता, आणि पाल्लाचा बराचसा अडकला होता शेतवाडीत, घरांत, सरकारी रोख्यांत. अर्ध्या टक्क्याने त्याला एका वेळची आकारणी यायची 507 फ्लोरिन, एका फ्लोरिनमध्ये साडेतीन ग्रॅम सोनं, म्हणजे पावणेदोन किलो सोनं एका हप्त्याला. आणि हप्ता वर्षातून एकदाच नसायचा, लढाई सुरू झाली की पुन्हा पुन्हा मागायचे. 1428 पर्यंत मिलानशी युद्ध चाललं, ते मिटतंय तोच 1429 ला लुक्का या शेजारच्या शहराशी काढलं. (त्या वेढ्यात ब्रुनेलेस्की, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट बांधणारा तोच, नदीचं पाणी वळवून लुक्का बुडवायला निघाला होता, लुक्कावाल्यांनी बांध फोडला आणि पाणी फ्लॉरेन्सच्याच छावणीत शिरलं.) त्या लढाईने शहराचं दिवाळं काढलं आणि ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त जमीन तो सगळ्यात जास्त पिळला गेला. रोकड नाही, जमीन विकावी तर सगळेच विकायला निघालेले, मग कर्ज. हद्दपार व्हायच्या आधीच हा माणूस कर्जाखाली दबलेला होता. ज्याच्याकडे बँक होती तो मात्र शहरालाच कर्ज देत होता, आणि लोकांना वेळेला पैसे देऊन आपलंसं करून घेत होता. 1434 ला पारडं का फिरलं याचं निम्मं उत्तर मला या हिशोबातच दिसतं.

"आम्ही युरोप ट्रिपला फ्लॉरेन्समध्ये पलाझ्झो स्ट्रोत्सी पाहिला, प्रचंड दगडी वाडा. तो याचाच ना?" (म्युनिक)

नाही. तो फिलिप्पो स्ट्रोत्सीचा, घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला. त्याची पायाभरणी ऑगस्ट 1489 ची, तोवर पाल्ला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. वाडा पुरा व्हायच्या आधी, 1491 मध्ये, फिलिप्पोही गेला. त्याच्या आईबद्दल पुढे येतंय, ती बाई वाड्यापेक्षा मोठी होती.

"ताई मी एमएला आहे, प्राचीन भारताचा इतिहास. तुम्ही लिहिलंत की इटलीत ग्रीक कोणालाच येत नव्हतं. पण रोमन लोक तर ग्रीक शिकायचे ना? आणि टॉलेमीच्या ज्या पुस्तकाचा उल्लेख आहे ते तेच का ज्यात पैठण आहे?" (छत्रपती संभाजीनगर)

तुझा दुसरा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, पण आधी पहिला घेते. रोमन शिकायचे, सुशिक्षित रोमन माणसाला दोन्ही भाषा यायच्या, पण साम्राज्य फुटलं आणि पश्चिमेकडे हळूहळू लॅटिनच उरली. अगदीच कोणाला येत नव्हतं असं नाही हं. दक्षिण इटलीत ग्रीक बोलणारी गावं होती आणि फ्लॉरेन्समध्येही 1360 च्या सुमाराला लेओन्झिओ पिलातो नावाच्या माणसाने थोडी वर्षं शिकवलं होतं, लेखक बोकाच्चोच्या खटपटीमुळे. कवी पेत्रार्काकडे होमरची ग्रीक प्रत होती, तो तिला जिवापाड जपायचा पण वाचता यायची नाही. पिलातो गेल्यावर ते थांबलं. क्रिसोलोरासचं वेगळं असं की त्याने शिकवायची पद्धत आणली. त्याने ग्रीक व्याकरणाचं प्रश्नोत्तराच्या रूपातलं सुटसुटीत पुस्तक केलं, त्यावर पुढच्या कित्येक पिढ्या ग्रीक शिकल्या. आणि शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका, अर्थ धरा, हे त्याने पोरांच्या मनावर बिंबवलं. तो जेमतेम तीन वर्षं राहिला, मार्च 1400 मध्ये फ्लॉरेन्स सोडून गेलासुद्धा. पण तोवर शिकलेली मुलं तयार झाली होती आणि पाल्लाच्या घरी पुस्तकं येत होती.

आता पैठण. हो, तेच पुस्तक! टॉलेमी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जगातल्या हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो आणि त्यात आपला भाग आहे. बैथन म्हणजे पैठण, आणि ती सिरो पोलेमायोसची राजधानी असं तो लिहितो, हा सातवाहनांचा पुळुमावी हे तुला माहीतच असेल. तगर म्हणजे तेर, नासिक, सोपारा, सिमुल्ला म्हणजे चौल, सगळी आहेत. म्हणजे बघ, पाल्लाच्या टेबलावर जो ग्रंथ उघडला जात होता त्यात गोदाकाठची आणि कोकणातली गावं ग्रीक अक्षरात लिहिलेली होती, वास्को द गामा कालिकतला पोचायच्या शंभर वर्षं आधी. आंजेलीचं लॅटिन भाषांतर 1410 च्या आत पुरं झालं, पुढे त्याच्या छापील आवृत्त्या निघाल्या आणि समुद्रावर निघालेल्या पिढीने त्या वाचल्या. व्हॅटिकनमध्ये आज टॉलेमीची एक जुनी ग्रीक प्रत आहे, तिचा माग अभ्यासक क्रिसोलोरास आणि पाल्लापर्यंत नेतात. तू प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर या पुस्तकाचा प्रवास हा विषय घे. सातवाहनांवर आपल्याकडे चिक्कार लिहिलं गेलंय, पण पैठणचं नाव युरोपला कुठल्या हातांतून परत मिळालं यावर मराठीत फार कोणी लिहीत नाही.

"माफ करा पण मला हा माणूस भित्रा वाटतो. 1434 मध्ये सहकारी शस्त्रं घेऊन चौकात उभे आणि हा दोन नोकर घेऊन आला आणि परत गेला, असं मी वाचलंय. विद्वानांचा आश्रयदाता वगैरे ठीक आहे पण ऐनवेळी पाठ दाखवली ना?" (सातारा)

तुम्ही वाचलंत ते माकियावेल्लीच्या फ्लॉरेन्सच्या इतिहासात आहे, आणि तो हे नव्वदेक वर्षांनी लिहितोय हे आधी ध्यानात घेऊ. प्रसंग नीट सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

फ्लॉरेन्समध्ये दोन तट होते, एकीकडे जुन्या घराण्यांचा, पुढारी रिनाल्दो देल्यी आल्बित्सी, दुसरीकडे मेदिची. सप्टेंबर 1433 मध्ये रिनाल्दोच्या गटाने कोझिमोला सरकारी वाड्यात बोलावून मनोऱ्यातल्या कोठडीत टाकलं, आणि मग हद्दपार केलं, आधी पादुआला, नंतर तो व्हेनिसला राहिला. पाल्ला या गटातलाच मानला जायचा पण मवाळ, कोझिमोचा जीव घ्यावा असं म्हणणाऱ्यांतला नक्कीच नाही. त्याच वर्षी मिलानबरोबरचा तह झाला त्या बोलणीसाठी तो शहराचा वकील म्हणून फेरारात होता, त्याचं आयुष्यभराचं काम हेच, बसून बोलणं.

वर्ष झालं, लोक करांनी आणि हरलेल्या लढाईने वैतागलेले. सप्टेंबर 1434 ला नवीन सिन्योरिया (शहराचं सरकार) निवडून आली ती मेदिचींच्या बाजूची. कोझिमोला परत बोलावणार हे उघड होतं. 26 सप्टेंबरला रिनाल्दो हत्यारबंद माणसं घेऊन चौकात उतरला आणि पाल्लाची वाट बघत राहिला, कारण पाल्लाकडे माणसं होती आणि नावाला वजन होतं. पाल्ला आला तो उशिरा, घोड्यावर, बरोबर दोघे पायी नोकर, अंगावर हत्यार नाही. रिनाल्दो त्याला खूप बोलला, तुझ्यात निष्ठा नाही तरी किंवा हिंमत नाही तरी, असं काहीसं. पाल्लाने काय उत्तर दिलं ते जवळच्यांना ऐकू आलं नाही, त्याने घोडा वळवला आणि घरी गेला. जोवान्नी ग्विच्चार्दिनी हा दुसरा मोठा माणूस, तो तर घराबाहेरच पडला नाही. तेवढ्यात पोप चौथा युजीन, जो रोममधून पळून सांता मारिया नोव्हेल्लात मुक्कामाला होता, त्याने रिनाल्दोला बोलावणं पाठवलं आणि समजूत काढून शस्त्रं खाली ठेवायला लावली. दोन दिवसांत कोझिमोच्या परतीचा ठराव झाला.

आता भित्रेपणाचं. मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते. ज्याला भीती वाटते तो घरी बसतो, ग्विच्चार्दिनीसारखा. पाल्ला आला. साठी ओलांडलेला माणूस, हत्यारं उगारलेल्या जमावात बिनहत्यारी घोडा घालतो आणि तोंडावर नकार देतो, त्याला भित्रा म्हणणं मला जमत नाही. जी सिन्योरिया रीतसर चिठ्ठ्या काढून निवडली गेली तिच्यावर रस्त्यात माणसं घालून चढाई करायची, हे त्याला पटलं नसणार. आयुष्यभर कायद्याच्या चौकटीत काम केलेल्या माणसाला ते कसं पटावं?

पण तुमचं म्हणणं मी सगळं झटकून टाकत नाही, कारण एका बाबतीत पाल्ला चुकलाच. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. आदल्या वर्षी कोझिमोला घालवलं तेव्हा तो त्या गटात होता, मग वर्षभर ना धड इकडे ना धड तिकडे, रिनाल्दोला शेवटच्या सकाळपर्यंत आशेवर ठेवलं. मोठ्या माणसाने गप्प राहणं हीही एक कृती असते आणि तिच्यावर भरवसा ठेवून दुसरे उडी मारतात. रिनाल्दोला राग आला तो रास्त होता. बिचारा परदेशातच, 1442 ला आंकोनात, मेला.

आणि पाल्लाला त्याच्या नकाराचं काय बक्षीस मिळालं? हद्दपारी! काहीच केलं नव्हतं, उलट त्याने साथ न दिल्यानेच मेदिचींचं फावलं, तरी नोव्हेंबरमध्ये त्याला मुलासह दहा वर्षांसाठी पादुआला पाठवलं. कारण सरळ आहे, एवढं नाव आणि एवढा मान असलेला माणूस शहरात नको. कोझिमोबद्दल मला आदर आहे पण हे त्याने वाईट केलं.

"बासष्टाव्या वर्षी सगळं गेल्यावर माणूस काय करतो? मी नुकताच रिटायर झालोय म्हणून विचारतो." (निवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

साहेब, तो शिकत राहिला. पादुआ तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात, जुनं विद्यापीठ असलेलं गाव. तिथे त्याने घर केलं आणि आर्जिरोपुलोस नावाच्या ग्रीक विद्वानाला चांगला पगार देऊन घरी ठेवलं, त्याच्याबरोबर रोज ॲरिस्टॉटल वाचायचा. दुसऱ्याही एका ग्रीक शिक्षकाला ठेवलं होतं असं वेस्पासियानो सांगतो. संत क्रिसोस्टोमच्या ग्रीक लेखनाची लॅटिन भाषांतरं त्याने स्वतः सुरू केली. सत्तरीत! आर्जिरोपुलोसने 1444 मध्ये पादुआ विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, आणि पुढे 1457 च्या सुमाराला तो फ्लॉरेन्समध्ये शिकवायला लागला, कोझिमोच्या फ्लॉरेन्समध्ये, तिथली तरुण पिढी त्याच्यापाशी ॲरिस्टॉटल शिकली. पाल्लाने पोसलेली विद्या अशी शेवटी त्याच्याच गावाला मिळाली, त्याला मात्र गावात पाय ठेवायची परवानगी नव्हती.

दहा वर्षं 1444 ला संपली, मुदत वाढवली. पुन्हा संपत आली, पुन्हा वाढवली. बायको गेली, मुलं डोळ्यांदेखत गेली, एक मुलगा तर मारला गेला. आणि तरी रिनाल्दोसारखे लोक मिलानच्या ड्यूकचं सैन्य घेऊन फ्लॉरेन्सवर चालून यायच्या खटपटीत होते (1440 ला आंगियारीला ते मोडलं) त्यात पाल्ला कधी गेला नाही, आणि आपल्यापुढे कोणी फ्लॉरेन्सबद्दल वाईट बोललेलं त्याला खपायचं नाही. फिलेल्फो हा भांडखोर पण जबरदस्त विद्वान, ज्याला पाल्लाने फ्लॉरेन्समध्ये पाठिंबा दिला होता आणि ज्यालाही मेदिचींमुळे शहर सोडावं लागलं, त्याने हद्दपारीवर संवाद लिहिले आणि त्यात पाल्लाला आणि त्याच्या मुलाला पात्रं केलं. पाल्ला तिथे गरिबी आणि बदनामी कशी सोसावी यावर बोलतो. शब्द अर्थात फिलेल्फोचे, पण त्या तोंडी ते शोभतील असं त्या काळच्या वाचकाला वाटत होतं हे महत्त्वाचं.

मे 1462 मध्ये तो गेला, नव्वदीला टेकून. त्याच्या पुस्तकांतली काही पादुआच्या सांता जुस्तीना मठाला मिळाली.

"पुरुषांचंच चाललंय सगळं. त्या घरातल्या बायकांचं काय झालं?" (अमरावती)

बरं झालं विचारलंत, कारण हद्दपारी पुरुषाला व्हायची आणि निस्तरायच्या बायका. पाल्लाच्या मुली चांगल्या घरांत दिल्या होत्या आणि बापाचं नाव त्यांच्या सासरच्यांनाही भोवलं. याकोपा ही जोवान्नी रुचेल्लाईला दिलेली. हा जोवान्नी मोठा व्यापारी, सांता मारिया नोव्हेल्लाचा दर्शनी भाग त्याच्याच पैशाने झाला, पण स्ट्रोत्सीचा जावई म्हणून तो पंचवीसेक वर्षं संशयितच राहिला, सत्तेची पदं नाहीत, काही नाही. 1461 मध्ये त्याने आपल्या मुलाचं लग्न कोझिमोच्या नातीशी ठरवलं तेव्हा कुठे त्याचा श्वास मोकळा झाला. दुसरी मुलगी लेना, तिचा नवरा फेलिचे ब्रांकाच्ची. हो, ज्या ब्रांकाच्ची चॅपेलमधली मासाच्चोची चित्रं बघायला जग जातं ते या फेलिचेचं. तो कैरोच्या सुलतानाकडे शहराचा वकील म्हणून जाऊन आलेला माणूस. त्यालाही घालवलं, आणि चॅपेलमधलं उरलेलं काम फिलिप्पिनो लिप्पीने 1480 च्या दशकात पुरं केलं.

आणि आलेस्सांद्रा माचिंगी, पलाझ्झोवाल्या फिलिप्पोची आई. तिचा नवरा मात्तेओ स्ट्रोत्सी 1434 लाच हद्दपार होऊन पेसारोला गेला आणि थोड्याच काळात तिकडेच वारला. तरुण विधवा, पदरात पोरं, कर थकलेला. मुलगे मोठे होतील तसे व्यापाराला बाहेर गेले, नेपल्सला, आणि त्यांनाही परतायची बंदी आली. तिने त्यांना लिहिलेली सत्तरच्या वर पत्रं उरलीत. त्यात मुलीच्या हुंड्याचा हिशोब आहे, सूनमुख पाहायची घाई आहे, शहरातला वारा कुठे वळतोय याची बातमी आहे. स्वतःला धड शिक्षण नव्हतं पण व्यवहार असा चोख की मुलाने पुढे बँक उभी केली त्यात तिचा वाटा मोठा. 1466 ला बंदी उठली, फिलिप्पो परत आला आणि तिला ते बघायला मिळालं. पाल्लाच्या घराला तो दिवस त्याच्या हयातीत आला नाही.

"पुढच्या वर्षी आम्ही काही मैत्रिणी इटलीला जातोय. पाल्लाचं असं काय बघता येईल?" (पुणे)

भरपूर! सुरुवात उफ्फित्सी या चित्रसंग्रहालयापासून करा, जेंतिले दा फाब्रियानोने 1423 मध्ये पाल्लासाठी केलेलं, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं चित्र. घाईने पुढे सरकू नका, तिथे बसायला मिळालं तर बसा. सोनं नुसतं लावलेलं नाही, ठोकून उठाव दिलेला आहे, तरुण राजाच्या मागे ससाणा हातावर घेतलेला माणूस उभा आहे तो पाल्ला असं पुष्कळजण मानतात. माकडं, बिबटे, घोडे, कुत्रे, राजाच्या टाचेला लावलेले, घोड्याला टोचायचे काटे सोडवणारा नोकर, सगळं बघा. मग खालच्या पट्टीतली छोटी चित्रं, त्यातला निळ्या रात्रीतला येशूचा जन्म, आणि सोनेरी उन्हात पळून चाललेलं त्याचं कुटुंब. त्या पट्टीतला बाळ येशूला देवळात अर्पण करतानाचा तुकडा नक्कल आहे, अस्सल पॅरिसला लूव्रमध्ये, नेपोलियनच्या काळात गेला तो तिकडेच राहिला.

हे चित्र मुळात सांता त्रिनितामध्ये, पाल्लाने वडील ओनोफ्रिओंच्या स्मरणार्थ बांधलेल्या खोलीत होतं, ती खोली आणि वडिलांची कबर तिथे अजून आहे. त्याच चर्चसाठी केलेलं दुसरं चित्र, येशूला क्रुसावरून उतरवतानाचं, लोरेन्झो मोनाकोने सुरू केलेलं आणि फ्रा आंजेलिकोने पुरं केलेलं, ते सान मार्कोच्या म्युझियममध्ये. मला स्वतःला हे जास्त आवडतं, इतक्या दुःखाच्या प्रसंगावर इतकं स्वच्छ ऊन दुसऱ्या कोणी पाडलेलं मी पाहिलं नाही. तिथेच वरच्या मजल्यावर कोझिमोचं ग्रंथालय आहे, दोन्ही एकाच फेरीत होतं.

वेळ उरला तर शहराबाहेर पोज्जो आ कायानोला जा. लोरेन्झो दे मेदिचीचा तो सुप्रसिद्ध व्हिला ज्या जागेवर आहे ती मालमत्ता आधी पाल्लाची, मग जावई रुचेल्लाईकडे गेली, त्याच्याकडून 1474 मध्ये लोरेन्झोने घेतली. ला पेत्राइयाचंही तसंच, 1422 ला पाल्लाने घेतलेली ती वास्तू आज मेदिची व्हिला म्हणूनच ओळखली जाते. गाइड मेदिचींचंच सांगेल, तुम्ही पाल्लाचं नाव काढा. आणि ब्रांकाच्ची चॅपेलला आत थोडीच माणसं सोडतात, त्याची वेळ आधीच बुक करून ठेवा.